चिठ्ठीवर 'ख्रिसमस कॅक्टस', कुंडीत भलतंच : ओळखताना या चुका टाळा

तालुक्याच्या नर्सरीत किंवा आठवडी बाजारात 'ख्रिसमस कॅक्टस' म्हणून मिळणारं रोप बहुतेक वेळा दुसरंच निघतं. म्हणून चिठ्ठी वाचत बसू नका, पेरं बघा. पानं वाटतात ती पानं नाहीतच, एकाला एक जोडलेली चपटी खोडं आहेत, आणि ओळख सगळी त्यांच्या कडेला आहे.

दोन्ही कडांना खेकड्याच्या नांगीसारखे टोकदार दात असतील तर तो थँक्सगिव्हिंग कॅक्टस, म्हणजे श्लुम्बर्गेरा ट्रंकाटा. बाजारात हाच जास्त येतो. कडेच्या खाचा गोलसर, टोक नसलेल्या असतील तर खरा ख्रिसमस कॅक्टस, श्लुम्बर्गेरा बक्लेयी हा संकर. कड जवळपास गुळगुळीत आणि पेराच्या शेंड्याला बारीक राठ केस असतील तर ईस्टर कॅक्टस. बुडाची जून पेरं पाहून निकाल देऊ नका, ती लाकडासारखी होऊन कडा बुजतात. शेंड्याकडची, पण पूर्ण वाढलेली पेरं तपासा.

फूल असेल तर काम सोपं. ट्रंकाटाचं आडवं येतं, पराग पिवळे. बक्लेयीचं खाली लोंबतं, पराग गुलाबी-जांभळट. ईस्टरच्या पाकळ्या चहूबाजूंना सारख्या पसरतात. फुलण्याच्या महिन्यावर मात्र भिस्त ठेवू नका, कारण नर्सरीवाले उजेड-अंधार सांभाळून बहर मागेपुढे करतात.

चिठ्ठीवर 'कॅक्टस' दिसला की लोक कुंडी थेट अंगणातल्या उन्हात ठेवतात. ही सगळ्यात महागात पडणारी चूक. ट्रंकाटा आणि ईस्टर मूळचे ब्राझीलच्या आग्नेय भागातल्या डोंगरी जंगलांतले, झाडांच्या फांद्यांवर आणि खडकांच्या कपारीत वाढणारे. आपल्याकडच्या मेच्या ४५ अंशांत पेरं आधी लालसर पडतात, मग सुरकुततात. सकाळचं कोवळं ऊन चालेल, दुपारी सावलीच हवी.

पेरं लोंबली की लगेच पाणी घालू नका, आधी बोट दोन पेरं खोल घालून बघा. माती कोरडी असेल तर पाणी द्या. ओली असूनही झाड मलूल असेल तर मुळं कुजलीत, आणि कपाशीच्या काळ्या मातीत लावलेल्या रोपाचं हेच होतं. मग दोन-तीन पेरांचे निरोगी तुकडे पिळून तोडा, दोन दिवस सावलीत सुकवा आणि दोन भाग कोकोपीट, एक भाग जाड रेती, एक भाग चाळलेलं जुनं शेणखत अशा मिश्रणात सुमारे २ सेंटिमीटर खोल लावा.

कळ्या धरत नसतील तर ओसरीतला बल्ब बघा. ट्रंकाटाला आणि बक्लेयीला सलग सहा आठवडे रोज रात्री १३-१४ तास अखंड अंधार आणि गारवा लागतो. मध्येच लाइट लागला की अंधार मोडतो. आणि कळी धरल्यावर कुंडी हलवली की कळ्या गळतात.

नावाचा असाच घोळ आणखी एका रोपात होतो. 'ब्रह्मकमळ' म्हणून मिळतं ते एपिफायलम ऑक्सिपेटलम, मेक्सिको-मध्य अमेरिकेकडचं. हिमालयातलं ब्रह्मकमळ सूर्यफुलाच्या कुळातलं, ते आपल्या उन्हाळ्यात तगणारच नाही. एपिफायलमचं खोड चपटं, बिनकाट्याचं असतं. बुडातून निघणारे नवे कोंब गोल असतात, ते 'जंगली' समजून छाटू नका. तीन धारांचं आणि धारेवर बारीक काटे असलेलं खोड दिलं असेल तर ते ड्रॅगन फ्रूट. त्याला ऊन आणि खांब द्या.

शंका असेल तर टाचणी टोचा. दुधासारखा चीक आला तर ते बहुधा युफोर्बिया, म्हणजे कॅक्टसच्या कुळातलं नाहीच. तो चीक डोळ्यात गेला तर फार आग होते. हात साबणाने धुवा.