एमआरआयचं कॉन्ट्रास्ट: या चुका टाळा

एमआरआयला आलेल्या पेशंटला काउंटरवर विचारतात, 'आयोडीनची अ‍ॅलर्जी आहे का? मासे चालतात ना?' एमआरआयच्या कॉन्ट्रास्टमध्ये, म्हणजे चित्र स्पष्ट दिसावं म्हणून शिरेतून देतात त्या औषधात, आयोडीन नसतंच, गॅडोलिनियम हा धातू असतो. विचारायला हवं ते असं: पूर्वी एमआरआयच्या सुईनंतर अंगावर पित्त उठलं होतं का, धाप लागली होती का? आणि कोणतं औषध होतं? जुना रिपोर्ट मागा, नाव त्यात सापडतं.

सीटी स्कॅनच्या आयोडीनवाल्या कॉन्ट्रास्टचे नियम इथे लावल्याने आणखी दोन चुका होतात. एक, मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी बंद करायला सांगणं. गॅडोलिनियमच्या नेहमीच्या डोससाठी त्याची गरज नाही. दुसरी, सरसकट उपाशी बोलावणं. विरार-बदलापूरहून लोकलने आलेला मधुमेही पेशंट दुपारपर्यंत उपाशी बसला तर साखर उतरून चक्कर येते. मेंदू, मणका, गुडघा यांच्या तपासणीत कॉन्ट्रास्टसाठी उपास लागत नाही. पोटाच्या काही तपासण्या आणि भूल असेल तरच उपाशी ठेवा.

आता किडनी. रक्ततपासणीतला नुसता क्रिएटिनिनचा आकडा बघून 'चालेल' म्हणू नका; त्यावरून वय आणि लिंग धरून ईजीएफआर, म्हणजे किडनी किती गाळते त्याचा अंदाज, काढा. क्रिएटिनिन १.८ असलेल्या तिशीतल्या पुरुषाचा ईजीएफआर साधारण ५१ येतो, सत्तरीतल्या आजींचा जेमतेम ३०. किडनी अचानक बिघडली असेल तर हे सूत्रही फसवतं, कारण क्रिएटिनिन उशिरा चढतं. पावसाळ्यात लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिसचा) पेशंट आला आणि लघवी कमी होत असेल, तर आकडा बरा दिसला तरी डॉक्टरांशी बोलल्याशिवाय सुई देऊ नका.

एवढी काळजी का, तर बिघडलेल्या किडनीतून औषध लवकर बाहेर पडत नाही. रेषीय रचनेचे रेणू गॅडोलिनियम सैल धरतात, ते सुटतं आणि कातडी व सांधे कडक होत जाणारा आजार, एनएसएफ, होऊ शकतो. हा संबंध २००६ मध्ये पुढे आला. गॅडोब्युट्रॉल, गॅडोटेरेट, गॅडोटेरिडॉल यांत धातू वलयाकार रेणूत घट्ट अडकलेला असतो. ईजीएफआर ३० च्या खाली असेल तर असंच औषध, कमीत कमी डोसमध्ये द्या. नियमित हिमोडायलिसिस चालू असेल तर स्कॅन ठरलेल्या डायलिसिसच्या थोडं आधी घ्या.

सर्वात सहज होणारी चूक सिरिंज भरताना होते. डोस किलोमागे ०.१ मिलिमोल, पण औषधांची तीव्रता वेगळी. ६० किलोच्या पेशंटला गॅडोटेरेट १२ मि.लि. लागतं, गॅडोब्युट्रॉल फक्त ६. सेंटरने ब्रँड बदलला आणि हात सवयीने १२ वर गेला, की डोस दुप्पट. उलट झालं तर डोस निम्मा, आणि छोटी गाठ पुसट दिसते. वजन काट्यावर घ्या. लेबलवर मि.लि.मागे ०.५ मिलिमोल आहे की १.० ते मोठ्याने वाचा, दुसऱ्याकडून तपासून घ्या, मगच भरा.

रिअ‍ॅक्शन आली तर उपचार मॅग्नेटच्या खोलीत सुरू करू नका, मॅग्नेट लोखंडी वस्तू जोरात खेचून घेतो. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईतच ऑक्सिजनचा सिलिंडर आत नेल्याने एक माणूस जिवानिशी गेला. आधी पेशंटला बाहेर काढा. घसा आवळतोय, बीपी उतरतंय, अशा वेळी अ‍ॅड्रेनालिन: मोठ्या माणसाला ०.५ मि.ग्रॅ., मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत. १:१००० च्या अँप्यूलमधून हे अर्धा मि.लि. होतं. अ‍ॅव्हिल-हायड्रोकॉर्टिसोन ही अ‍ॅलर्जीची इंजेक्शनं देऊन वाट बघण्यात वेळ जातो. अँप्यूलची एक्स्पायरी दर महिन्याला पाहा आणि सुईनंतर ३० मिनिटं पेशंटला सेंटरमध्येच बसवा, लोकल चुकली तरी चालेल.