घरी बांधलेल्या छोट्या कॅम्पिंग ट्रेलरचं वजन आणि तोल कसा साधावा

ज्याने गॅरेजमध्ये स्वतःच्या हाताने ट्रेलर उभा केला, त्याला वायरिंग, दिवे आणि नोंदणी शिकवायची गरज नाही. मी बोलतोय ते इथे अमेरिकेत हौशी लोक 4 बाय 8 फुटांच्या सांगाड्यावर बांधतात त्या टिअरड्रॉप ट्रेलरबद्दल. पुढे झोपायची जागा, मागचं झाकण उघडलं की स्वयंपाकघर. दिसायला झकास, पण ही रचनाच तोलाच्या मुळावर उठते. शेगडी, कूलर, भांडी, पाणी सगळं चाकांच्या मागे आणि पुढे नुसत्या गाद्या-उशा. बैलगाडीत मागे भार जास्त झाला की ती उलाळ होते, जू वर उचललं जातं, आणि बैल तरी थांबतात. ताशी 60 मैलांनी जाणाऱ्या गाडीमागे हेच झालं तर ट्रेलर डावी-उजवीकडे झोके घ्यायला लागतो आणि पुढची गाडीही सोबत ओढतो.

आधी एकूण वजन. सहलीला निघताना असेल तसा सगळा ट्रेलर भरा, पाणी आणि गॅससकट. रिकाम्या ट्रेलरचं वजन कळून काही उपयोग नाही. हायवेवरच्या ट्रक स्टॉपवर कॅट स्केल म्हणजे ट्रक तोलायचा मोठा काटा असतो, त्यावर एकदा ट्रेलर जोडून आणि एकदा नुसती गाडी असं वजन करा. दोन्ही वेळा गाडीत माणसं आणि पेट्रोल सारखंच हवं. वजाबाकी केली की ट्रेलरचं वजन हातात. ते अ‍ॅक्सल (चाकांचा आस), टायर आणि गाडीच्या मॅन्युअलमधली ओढण्याची मर्यादा या तिन्हींच्या आत बसलं नाही, तर सामान कमी करा. यात वाद नाही.

आता खरी मेख: टंग वेट, म्हणजे कपलर (ट्रेलरच्या नाकावरची पकड) गाडीमागच्या हिचच्या, म्हणजे जोडाच्या, बॉलवर किती भार टाकतो ते. अमेरिकेत ट्रेलरच्या भरलेल्या वजनाच्या 10 ते 15 टक्के धरतात. 1200 पौंडांच्या ट्रेलरला 120 ते 180 पौंड. मी 150 च्या आसपास ठेवतो. ब्रिटनमधले व्हिडिओ बघून 5 ते 7 टक्क्यांवर समाधान मानू नका. तिथे ट्रेलर ओढताना मोटरवेवर कमाल वेग 60 मैल आहे, त्यांचं गणित त्यांच्या रस्त्यांवर ठीक. आणि ‘हाताने नाक उचलून बघ, जड लागलं की झालं’ हा सल्ला देणाऱ्याला नमस्कार करून पुढे जा. 90 पौंड आणि 150 पौंड यांतला फरक कमरेला कळत नाही, दोन्ही जडच लागतात.

ट्रक स्टॉपच्या काट्यावर टंग वेट काढायच्याही फंदात पडू नका. तो काटा 20-20 पौंडांच्या टप्प्यांत आकडा देतो. आपल्याला हवा तो आकडाच दीडशेचा, त्यात इतकी चूक परवडत नाही. घरातला न्हाणीघरातला वजनकाटा घ्या, तबकडीचा. डिजिटल काटा भार पूर्ण येण्याआधीच आकडा गोठवतो किंवा बंद पडतो. या काट्याने मला भरपूर छळलंय, म्हणून पद्धत नीट सांगतो.

जागा सपाट हवी. गाडीत माणसं बसवून, सामान भरून बॉलचा वरचा भाग जमिनीपासून किती उंच येतो ते टेपने मोजा. मोजताना कपलर बरोबर त्याच उंचीला हवा. नाक खाली झुकलं असेल तर आकडा फुगतो, वर असेल तर घटतो. चाकांना दोन्ही बाजूंनी अडण लावा, पण घट्ट ठोकू नका. काट्यावर फळी, तिच्यावर त्या उंचीला येईल असा कापलेला 4 बाय 4 इंची लाकडी तुकडा उभा. हे सगळं ठेवून काटा शून्यावर आणा. मग जॅकने नाक हळूहळू खाली सोडा, लाकूड कपलरमध्ये बॉल बसतो बरोबर तिथेच टेकलं पाहिजे. जॅकच्या पायाखाली काटा ठेवून मोजलेला आकडा चुकीचा, कारण जॅक बॉलच्या मागे असतो आणि तिथे भार जास्त येतो. सगळा भार लाकडावर गेला की जॅकचा पाय जमिनीपासून बोटभरच वर ठेवा. लाकूड सटकलंच तर नाक जॅकवर पडेल, तुमच्या पायावर नाही. तीनदा मोजा. तिन्ही आकडे जवळपास सारखे येत नसतील तर लाकूड तिरकं उभं आहे.

आकडा कमी आला तर नाकावर लोखंड किंवा वाळूची पोती बांधू नका. दोन्ही टोकांना जड असलेला ट्रेलर काट्यावर बरोबर दिसतो, पण एकदा डोलायला लागला की थांबता थांबत नाही. जड वस्तू अ‍ॅक्सलच्या जवळ आणा. नाकावर किती फरक पडतो याचा हिशोब सोपा आहे: वस्तूचं वजन गुणिले अ‍ॅक्सलपासूनचं अंतर, भागिले अ‍ॅक्सल ते बॉल हे अंतर. बॉल 8 फुटांवर असेल, तर अ‍ॅक्सलच्या 2 फूट मागे ठेवलेला 60 पौंडांचा कूलर नाकावरचे 15 पौंड खातो. तोच 2 फूट पुढे आणला तर 15 पौंड घालतो. कूलर चार फूट सरकवून 30 पौंडांचा फरक, एक खिळाही न ठोकता. पाण्याची टाकी मात्र अ‍ॅक्सलच्या डोक्यावरच बसवा. 10 गॅलन पाणी म्हणजे साधारण 83 पौंड. टाकी पुढे असेल तर येताना ती रिकामी आणि नाक हलकं. म्हणून परतीच्या सामानासह एकदा वेगळं मोजाच. हे सगळं करूनही जमलं नाही, तर अ‍ॅक्सल मागे सरकवावा लागेल. स्वे बार (डोलणं रोखायला जोडतात ती दांडी) विकत घेणं हा त्यावरचा इलाज नाही.

डावी-उजवी बाजू: मडगार्ड आणि टायर यांमधली फट दोन्हीकडे सारखी हवी. बॅटरी एका बाजूला असेल तर गॅस दुसरीकडे.

टंग वेट गाडीच्या भारातही मोजलं जातं. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर माणसं आणि सामान मिळून जी मर्यादा दिलेली असते, त्यातून ते वजा करा. मागच्या सीटवर दोन पाहुणे बसले की हा हिशोब लगेच आवळतो.

पहिली फेरी रिकाम्या रस्त्यावर, वेग थोडा थोडा वाढवत. ट्रेलर डोलायला लागला तर स्टिअरिंग सरळ धरा, अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढा आणि ब्रेक जोरात दाबू नका. वेग वाढवून तो सरळ करायला जाऊ नका. ट्रेलरला स्वतंत्र इलेक्ट्रिक ब्रेक असतील तर तेवढेच हाताने लावा. मग बाजूला थांबून आधी कूलर पुढे घ्या.