घरातल्या माजी सैनिकाच्या युद्धाच्या आठवणी कशा नोंदवाव्यात

१९७१च्या युद्धात विशीत असलेला जवान आज पंचाहत्तरीच्या घरात आहे आणि १९६५ची लढाई लढलेल्यांनी ऐंशी ओलांडली आहे. त्यामुळे ‘दिवाळीला सगळे जमलो की बसू’ हा बेत आधी मोडीत काढावा आणि येत्या रविवारीच बसावे. मोबाइलमधला रेकॉर्डर पुरतो. पंखा बंद ठेवावा आणि समोर एकाच नातवाने किंवा नातीने बसावे. अख्खे घर भोवती जमले की आठवणींचे कीर्तन होते.

त्याआधी डिस्चार्ज बुक (निवृत्तीच्या वेळी मिळालेले सेवेच्या नोंदींचे पुस्तक) आणि पदके मागून घ्यावीत. रक्षा पदक किंवा संग्राम मेडल यांसारख्या गोल पदकांच्या कडेवर बहुधा सैनिकाचा क्रमांक, हुद्दा आणि नाव बारीक अक्षरांत कोरलेले असते; ते भिंगाखाली वाचावे. समर सेवा स्टार १९६५चा, तर ‘पूर्वी स्टार’ आणि ‘पश्चिमी स्टार’ १९७१च्या पूर्व आणि पश्चिम आघाड्यांचे, त्यामुळे काही न विचारताच अर्धी माहिती हाती येते. आमच्याकडे गावी परतलेल्या प्रत्येक फौजीला ‘मेजर’ म्हणतात, म्हणून हुद्दा डिस्चार्ज बुकातूनच घ्यावा. ‘मराठा रेजिमेंटमध्ये होते’ एवढीच नोंद जवळजवळ निरुपयोगी आहे, कारण एकाच रेजिमेंटच्या पलटणी, म्हणजे बटालियन, वेगवेगळ्या आघाड्यांवर असतात. १ मराठा, म्हणजे जंगी पलटण, डिसेंबर १९७१मध्ये तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या जमालपूरला लढत होती हे ठाऊक असेल, तर त्या पलटणीतल्या आजोबांना ब्रह्मपुत्रा कशी ओलांडली हे थेट विचारता येते.

इथपर्यंत काहीच अवघड नाही. मला सर्वांत जड गेलेला टप्पा यापुढचा आहे आणि तो म्हणजे आजोबांचे ‘भाषण’ ओलांडणे. बहुतेक माजी सैनिकांना वर्षानुवर्षे १५ ऑगस्टला आणि २६ जानेवारीला शाळेच्या झेंडावंदनाला बोलावलेले असते आणि तिथे सांगून सांगून त्यांच्या युद्धाची दहा मिनिटांची एक घोटीव आवृत्ती तयार झालेली असते. हुकूम आला, आम्ही पुढे सरकलो, शत्रू पळाला, ठाणे ताब्यात आले. यात खोटे काही नसते, पण त्यात सगळे ‘आम्ही’ असते, ‘मी’ कुठेच नसतो.

‘पन्नास प्रश्नांची यादी करून जा’ हा सर्रास दिला जाणारा सल्ला इथे सपशेल कुचकामी ठरतो. ‘युद्धात तुम्हाला कसे वाटले?’ अशा मोठ्या प्रश्नाला उत्तर म्हणून भाषणच येते, आणि ‘किती शत्रू मारले?’ हा प्रश्न तर मुलांना आधीच निक्षून मना करावा. त्याने एकतर गप्पा जागीच संपतात, नाहीतर आजोबांना नसती फुशारकी मारणे भाग पडते.

माझ्या मते एकच रीत चालते. भाषण आधी पूर्ण होऊ द्यावे. मध्ये तोडणे हा त्यांचा अपमान आहे. मग चहा व्हावा आणि त्यानंतर त्याच भाषणातला एखादा बारीक धागा धरून मागे जावे. ‘आम्ही रात्री पुढे सरकलो’ असे ते म्हणाले असतील, तर त्या रात्री पिट्टूत, म्हणजे पाठीवरच्या पिशवीत, काय काय होते, बूट कोरडे होते का, पुढे कोण चालत होते, लंगरचे, म्हणजे पलटणीच्या स्वयंपाकघरातले, जेवण शेवटचे केव्हा मिळाले, हे विचारावे. विजयाबद्दल एका सुरात बोलणारे एक निवृत्त हवालदार बुटांचा विषय निघताच खुर्चीत पुढे सरकले आणि ओले मोजे सदऱ्याच्या आत पोटाशी धरून कसे वाळवत असत, ते हाताने दाखवू लागले. तिथून पुढे त्यांच्या बोलण्यात ‘मी’ आला आणि मग शेजारच्या खंदकातला जोडीदारही आला.

या वळणावर आजोबा थांबतात. तेव्हा आपण बोलू नये. ‘जाऊ द्या आबा, नका आठवू’ हे वाक्य त्यांच्या नव्हे, आपल्या सोयीचे असते. डोळे भरून आले तर पाणी द्यावे, ‘थांबायचं का आबा?’ एवढेच विचारावे आणि ते सांगतील तसे करावे. बैठकीनंतर झोप उडाली, चिडचिड वाढली आणि ती काही दिवस टिकली, तर विषय सोडून डॉक्टरांना दाखवावे. ध्वनिमुद्रण त्यापुढे क्षुल्लक आहे.

पन्नास वर्षांत स्वतः पाहिलेले, सोबत्यांकडून ऐकलेले आणि टीव्हीवर दिसलेले एकमेकांत मिसळते. ‘हे तुमच्यासमोर घडलं की नंतर पलटणीत कळलं?’ असे आदराने विचारावे आणि दोन्ही नोंदी ठेवाव्यात, पण वेगवेगळ्या. तारखांवरून मात्र मोबाइल पुढे करून त्यांना कधीही खोडून काढू नये. युद्ध ३ डिसेंबर १९७१ला सुरू झाले, मग नोव्हेंबरात गोळ्या कशा झाडल्या, असे विचारणाऱ्या नातवाला पूर्व आघाडीवरच्या गरीबपूर आणि हिलीच्या लढायांना नोव्हेंबरातच तोंड फुटल्याचे माहीत नसते. तसेच युद्धविराम २३ सप्टेंबर १९६५चा असला, तरी ताश्कंद करार जानेवारी १९६६मध्ये झाला आणि सैन्य मागे फिरले ते त्यानंतर. म्हणून ‘थंडी आम्ही तिथेच काढली’ या वाक्यात चूक शोधू नये. तफावत दिसलीच तर आपल्या वहीत टिपून ठेवावी.

उतरवून घेताना त्यांची पलटणीतली हिंदी तशीच ठेवावी. ‘साब ने बोला’चे ‘साहेबांनी सांगितले’ करू नये. पडलेल्या सोबत्यांची नावे आणि ते कसे गेले याचे तपशील त्यांच्या घरच्यांना विचारल्याशिवाय व्हॉट्सॲपवर टाकू नयेत, याबाबत मी अजिबात तडजोड करत नाही. फाइलला आजोबांचे नाव, पलटण आणि तारीख द्यावी, एक प्रत परगावी राहणाऱ्या भावंडाकडे पाठवावी आणि पुढची बैठक त्याच आठवड्यात ठेवावी, कारण पहिल्या बैठकीत न सांगितलेले बरेच काही त्या रात्री अंथरुणावर पडल्यावर त्यांना आठवते.