विद्यापीठातील विद्यार्थ्यांची गळती रोखण्याची जबाबदारी हाती घेताना

शैक्षणिक साहाय्य विभागाचे प्रमुखपद स्वीकारल्यावर नवी योजना जाहीर करण्याची घाई न करता, आधी मागील काही वर्षांच्या नोंदी काढून बसावे आणि कोणत्या विषयात सर्वाधिक विद्यार्थी अनुत्तीर्ण होतात, कितव्या आठवड्यापासून हजेरी घसरते व पुढील सत्रासाठी नोंदणी न करणाऱ्यांपैकी किती जण प्रत्यक्षात उत्तीर्ण झालेले होते, हे तपासावे. यातील शेवटचा आकडा विशेष लक्ष देऊन पाहावा. कारण अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ व्हिन्सेंट टिंटो यांनी १९७५ मध्ये मांडलेल्या प्रारूपानुसार विद्यार्थ्याचे टिकून राहणे जसे त्याच्या अभ्यासातील प्रगतीवर, तसेच शिक्षक आणि सहाध्यायी यांच्याशी जुळणाऱ्या नात्यावरही अवलंबून असते.

साहाय्याची आखणी विषयनिहाय करावी, असे माझे ठाम मत आहे. अमेरिकेतील मिसुरी विद्यापीठाच्या कॅन्सस सिटी येथील संकुलात १९७३ मध्ये डिअ‍ॅना मार्टिन यांनी सुरू केलेल्या ‘सप्लिमेंटल इन्स्ट्रक्शन’ (पूरक अध्यापन) या पद्धतीत ‘कच्चे विद्यार्थी’ निवडले जात नाहीत, तर अवघड विषय निवडले जातात. तो विषय पूर्वी चांगल्या रीतीने उत्तीर्ण झालेला विद्यार्थी पुन्हा त्या तासिकांना बसतो आणि दर आठवड्याला गटचर्चा घेतो. ही गटचर्चा सर्वांसाठी खुली असल्यामुळे तेथे जाण्यात कोणालाही कमीपणा वाटत नाही. गट चालवणाऱ्याने मात्र पुन्हा व्याख्यान देऊ नये. एखाद्याने उदाहरण सोडवता सोडवता तिसऱ्या पायरीवर हात टेकले, तर पुढची पायरी स्वतः न सांगता ‘इथवर कसा आलास?’ असे विचारावे आणि गटालाच मार्ग शोधू द्यावा. हे कौशल्य आपोआप येत नाही, म्हणून त्याच्या प्रशिक्षणासाठी वेळ आणि मानधन या दोन्हींची तरतूद सत्रारंभापूर्वीच करून घ्यावी.

धोक्याची सूचना सत्रपरीक्षेनंतर मिळाली, तर तिचा फारसा उपयोग उरत नाही. पहिला गृहपाठ तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत तपासून व्हावा आणि तो न देणाऱ्यांची नावे ठरलेल्या एकाच मार्गदर्शकाकडे जावीत. यादी पाच जणांना पाठवली, की प्रत्येकाला वाटते दुसऱ्याने फोन केला असेल. ‘आपली उपस्थिती असमाधानकारक आहे’ असा छापील मजकूर पाठवण्याऐवजी ‘दोन तासिकांना दिसला नाहीस, सगळे ठीक आहे ना? मंगळवारी दुपारी मी विभागात आहे, भेटशील का?’ असे मार्गदर्शकाने स्वतः विचारावे.

शुल्क विभागालाही या कामात सामील करून घ्यावे. अमेरिकेतील जॉर्जिया स्टेट विद्यापीठाने २०११ पासून, थोड्याशा थकबाकीमुळे ज्यांची नोंदणी रद्द होणार होती अशा विद्यार्थ्यांना छोटी अनुदाने दिली. यासाठी विद्यार्थ्यांनी स्वतः अर्ज करण्याची वाट विद्यापीठाने पाहिली नाही.

परिणाम मोजताना गटचर्चेला येणाऱ्यांची आणि न येणाऱ्यांची थेट तुलना करू नये, कारण येणारे बहुधा मुळातच अधिक उत्सुक असतात. प्रवेशाच्या वेळी ज्यांचे गुण सारखे होते, अशा गटांची तुलना करावी आणि आकडे प्रतिकूल आले, तरी ते विद्या परिषदेपुढे जसेच्या तसे ठेवावेत.