पीएम किसानचा थांबलेला हप्ता: चौकशी कुठून सुरू करावी

शेजाऱ्याच्या खात्यात केंद्र सरकारच्या पीएम किसान योजनेच्या हप्त्याचे २,००० रुपये जमा झाले आणि आपल्या खात्यात झाले नाहीत, असे कळताच बहुतेक शेतकरी सरळ तालुका कृषी कार्यालय गाठतात. अडचण बँकेतली असेल तर तो हेलपाटा वाया जातो. म्हणून घराबाहेर पडण्यापूर्वी पीएम किसानच्या संकेतस्थळावर ‘नो युवर स्टेटस’ या ठिकाणी नोंदणी क्रमांक टाकून आपली स्थिती पाहावी. क्रमांक आठवत नसेल, तर तो मोबाईल किंवा आधार क्रमांकावरून तिथेच शोधता येतो.

तिथे लँड सीडिंग (जमिनीची नोंद योजनेशी जोडणे), ई-केवायसी (आधारवरून ओळख पटवणे) आणि आधार-बँक सीडिंग (बँक खाते आधारला जोडणे) या तीन नोंदींपुढे ‘येस’ की ‘नो’ आहे, एवढेच आधी बघावे.

ई-केवायसी राहिली असल्यास आधारशी जोडलेल्या मोबाईलवर येणाऱ्या ओटीपीने ती घरबसल्या होते. मोबाईल जोडलेला नसेल, तर सामाईक सेवा केंद्रात अंगठा देऊन ती करून घ्यावी. शेतात राबून ज्यांच्या बोटांच्या रेषा झिजल्या आहेत, अशा वयस्कर माणसांचा अंगठा यंत्र अनेकदा स्वीकारत नाही. त्यांच्यासाठी पीएम किसानच्या ॲपमध्ये चेहरा दाखवून ई-केवायसी करण्याची सोय आहे.

सर्वांत जास्त घोळ बँकेच्या बाबतीत होतो. पासबुकाला आधारची झेरॉक्स जोडून दिली म्हणजे काम झाले, असा समज असतो. परंतु हप्ता खाते क्रमांकावर येत नसून आधार क्रमांकावर येतो आणि एनपीसीआय या बँकांमधील देवाणघेवाण सांभाळणाऱ्या संस्थेच्या नोंदीत त्या आधारपुढे जी बँक शेवटी जोडली गेली असेल, तिथे तो जमा होतो. त्यामुळे ‘पैसे आलेच नाहीत’ म्हणणाऱ्याची रक्कम कधीकाळी उघडून विसरलेल्या दुसऱ्याच खात्यात पडून असू शकते. कोणती बँक जोडलेली आहे, हे आधारच्या संकेतस्थळावर दिसते. ती बदलायची असल्यास हव्या त्या बँकेत थेट लाभ हस्तांतरणासाठी आधार सीडिंगचे संमतिपत्र भरून द्यावे. नुसते ‘आधार लिंक करा’ असे सांगू नये.

लँड सीडिंगपुढे ‘नो’ असेल, तेव्हाच सातबारा, आठ-अ, फेरफार आणि आधार यांच्या प्रती घेऊन तहसील किंवा तालुका कृषी कार्यालयात जावे आणि अर्जाच्या आपल्या प्रतीवर आवक शिक्का घ्यावा. येथे १ फेब्रुवारी २०१९ ही तारीख निर्णायक आहे: त्यानंतर विकत घेतलेल्या जमिनीवर लाभ मिळत नाही, मात्र वारसाहक्काने नावावर आलेल्या जमिनीवर मिळतो. लाभार्थी वारल्यावर त्याच्या नावाने हप्ते घेत राहणे अंगलट येते, कारण ती रक्कम वसूल केली जाते. वारस नोंद करून पात्र वारसाने स्वतंत्र नोंदणी करावी.

तिन्ही नोंदी ‘येस’ असूनही हप्ता थांबला असेल, तर पात्रता तपासावी. पती, पत्नी आणि अल्पवयीन मुले मिळून एकच कुटुंब धरले जाते आणि त्यात एकालाच लाभ मिळतो. मागील वर्षी प्राप्तिकर भरलेली व्यक्ती, तसेच चतुर्थ श्रेणी कर्मचारी वगळता दरमहा १०,००० रुपये किंवा अधिक निवृत्तिवेतन घेणारी व्यक्ती अपात्र ठरते.

राज्याच्या नमो शेतकरी महासन्मान निधीचे वर्षाचे ६,००० रुपये पीएम किसानच्याच लाभार्थ्यांना दिले जात असल्याने त्यासाठी वेगळा अर्ज भरावा लागत नाही; तो भरून देतो म्हणून कोणी पैसे मागितल्यास देऊ नयेत.