फायनान्शियल हब काढायचंय? मग टॉवरच्या आधी कोर्टाचं बघा

फायनान्शियल हब, म्हणजे देशोदेशीच्या बँका आणि गुंतवणूकदार जिथून धंदा करतील असं केंद्र, काढायचं ठरलं की पहिल्यांदा काचेच्या टॉवरची चित्रं निघतात. पण बाहेरचा गुंतवणूकदार बिल्डिंग बघून पैसे टाकत नाही. त्याचा वकील करार हातात घेतो आणि सरळ शेवटच्या पानांवर जातो, भांडण झालं तर कायदा कुठला लागणार आणि निकाल कोण देणार ते बघायला. तिथं शंका आली की टॅक्स शून्य असला तरी तो माघारी फिरतो, म्हणून सुरुवात तिथूनच करा.

दुबईने 2004 मध्ये तेच केलं. आधी यूएईची (दुबई ज्या देशाचा भाग आहे त्या संयुक्त अरब अमिरातीची) घटना दुरुस्त झाली, मग फायनान्शियल फ्री झोनला, म्हणजे हबसाठी राखलेल्या खास क्षेत्राला, देशाच्या सिव्हिल आणि कमर्शियल कायद्यांतून सूट मिळाली, फौजदारी आणि मनी लाँडरिंगचे कायदे मात्र देशाचेच राहिले (ही सूट कधीच देऊ नका). डीआयएफसीमध्ये (दुबईच्या त्या फ्री झोनमध्ये) इंग्रजीतून, कॉमन लॉवर, म्हणजे आधीच्या निकालांना धरून चालणाऱ्या इंग्लिश पद्धतीवर, चालणारी स्वतंत्र कोर्टं आली. कझाकस्तानने 2015 मध्ये अस्तानाच्या हबसाठी घटनात्मक कायदा केला आणि कोर्टाचे पहिले मुख्य न्यायाधीश म्हणून थेट इंग्लंडचे माजी सरन्यायाधीश लॉर्ड वूल्फ यांना आणलं, कारण नवीन कोर्टाला स्वतःचं नाव नसतं, ते न्यायाधीशांच्या नावावरच उभं राहतं.

आता कारभार, आणि खरी गडबड इथेच होते. जागा भाड्याने देणारी ऑथॉरिटी आणि लायसन्स देणारा रेग्युलेटर एकाच साहेबाच्या हाताखाली ठेवू नका, कारण ऑथॉरिटीला भाडेकरू हवे असतात आणि रेग्युलेटरला वेळ आली तर नाही म्हणता आलं पाहिजे. दुबईत कागदावर दोन्ही वेगळे होते, तरी 2004 मध्येच जमिनीच्या व्यवहारांतल्या हितसंबंधांवर बोट ठेवणाऱ्या रेग्युलेटरच्या दोन वरिष्ठांना काढलं गेलं आणि ती बातमी जगभर झाली. त्यामुळे नेमणूक ठरावीक मुदतीची हवी आणि काढायची कारणं कायद्यातच लिहिलेली हवीत, ती पण मोजकीच.

रेग्युलेटर शक्यतो एकच ठेवा. गुजरातमधल्या गिफ्ट सिटी या आपल्या हबमध्ये 2015 ला काम सुरू झालं तेव्हा बँकेसाठी आरबीआय, शेअरबाजारासाठी सेबी, विम्यासाठी आयआरडीएआय आणि पेन्शनसाठी पीएफआरडीए अशी चार दारं होती. 2019 चा कायदा आला, 2020 मध्ये आयएफएससीए हा अशा हबसाठीचा एकच रेग्युलेटर स्थापन झाला आणि हे सगळे अधिकार एका जागी आले.

सगळ्याच धंद्यांच्या मागे लागू नका, आपल्याकडे काय आहे जे दुसऱ्याकडे नाही ते शोधा. सिंगापूरकडे घड्याळ होतं, अमेरिकेचा दिवस संपतो आणि युरोप उघडायचा असतो त्या मधल्या वेळेत डॉलरचा बाजार चालवायचा, आणि 1968 मध्ये त्यांनी परदेशी ठेवीदारांच्या व्याजावरचा टॅक्सच काढून टाकला.

टॅक्स सवलतीची मुदत कायद्यातच लिहा, दर बजेटला बदलणारी सवलत कोणी हिशेबात धरत नाही. पण नुसत्या शून्य टॅक्सवर विसंबू नका, 75 कोटी युरोच्या वर उलाढाल असलेल्या बहुराष्ट्रीय ग्रुपना बऱ्याच देशांत आता 15 टक्के मिनिमम टॅक्स लागू झालाय.

आणि पहिल्या लायसन्सपासूनच कंपनीचा खरा मालक कोण याची नोंद घ्या, पैसा आला कुठून ते विचारा, भले दोन क्लायंट कमी आले तरी चालतील. यूएई मार्च 2022 मध्ये एफएटीएफच्या (मनी लाँडरिंगवर नजर ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या) ग्रे लिस्टमध्ये, म्हणजे जादा देखरेखीखालच्या देशांच्या यादीत, गेलं, बाहेर यायला फेब्रुवारी 2024 उजाडला, आणि त्यांच्याकडे तोवर नाव होतं, तुमचं हब अजून नवीन आहे.