कुत्र्याची खाज: शेवटी चिकन निघालं

आमचा मोती, 11 महिन्यांचा लॅब्रॅडॉर. चाटून चाटून बोटांमधले केस तांबूस, कान लाल, पोटावर पुरळ. शाम्पू बदलले, कडुलिंबाचं पाणी झालं. गोळीने खाज थांबायची, गोळी संपली की परत सुरू. रात्री दोनला फरशीवर त्याच्या पायाची खटखट ऐकून रडूच यायचं.

आधी पिसवा. बारीक फणीत आलेला काळा चुरा ओल्या पांढऱ्या टिश्यूवर टाकला. लालसर डाग पडला तर पिसवांची विष्ठा. आमचा मातकटच राहिला. तरी डॉक्टरांनी पिसवांचं औषध दिलं आणि त्वचा खरवडून खरजेचे किडे नाहीत ना, ते पाहिलं.

मग खाण्याची अ‍ॅलर्जी आहे का ते पाहायला 8 आठवडे फक्त मटण आणि रताळं, दोन्ही त्याने आधी कधी न खाल्लेलं. पोळीचा तुकडासुद्धा नाही. (कायमचा आहार नव्हे, यात कॅल्शियम कमी पडतं.) तिसऱ्या आठवड्यात पुन्हा खाज! जंताची गोळी चिकनच्या चवीची होती. मोजणी पहिल्यापासून.

8 आठवड्यांनी खाज गेली, तेव्हा मुद्दाम चिकन दिलं. तिसऱ्या दिवशी पंजे तोंडात. बंद केलं, आठवड्याभरात थांबलं. ही उलटतपासणी टाळलीत तर नेमकं कारण कळत नाही. आता बिस्किटाच्या पुड्यामागची बारीक अक्षरंही वाचतो.